सहा कर्णे, एक मशीन: देवळातल्या ओहमचा हिशेब

फोन आला तेव्हा सप्ताहाची तिसरी रात्र होती. कीर्तन ऐन रंगात आलं असताना मशीन, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, बंद पडलं, जळका वास सुटला, आणि बुवांनी उरलेलं कीर्तन बिनमाईकचं पुरं केलं. "भाऊ, पहाटे काकडा आहे. येताय का?" पलीकडे गावातला पोरगा होता. देवळाचा साउंड तोच बघतो. गाव साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं, माझ्या दुकानापासून पाऊण तासाच्या वाटेवर. एक जास्तीचं मशीन गाडीत टाकलं आणि निघालो.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असला बिघाड मी पुष्कळ गावांत पाहिला आहे आणि दर वेळी दोष मशीनच्या माथी जातो. मशीन हलकं निघालं, पुढच्या वर्षी मोठं घेऊ, असं ठरतं आणि वर्गणी निघते. इथलं मशीन चांगलं होतं. त्याच्यावर लादलेला भार चुकीचा होता, आणि तो भार कुणी एका दिवसात लादला नव्हता.

देवळातलं मशीन १२५ वॅटचं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेलं. मागच्या पट्टीवर ओळीने स्क्रू: कॉम (सगळ्यांची सामाईक परतीची तार इथं), ४ ओहम (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप), ८ ओहम, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. सुरुवातीला शिखराशेजारी गच्चीवर दोनच कर्णे, म्हणजे भोंगे, होते. दोन्हींची युनिट (आतला आवाज काढणारा भाग) १६ ओहमची, ६० वॅटची. दोन्ही समांतर जोडले की ८ ओहम होतात, म्हणून ते ८ च्या स्क्रूवर लावलेले. १२५ वॅट दोघांत वाटले की प्रत्येकाला साडेबासष्ट. ज्याने कुणी हे बसवलं त्याला काम येत होतं.

पुढे गाव वाढलं. मंडपात बसणाऱ्या बायकांना नीट ऐकू येत नाही म्हणून मंडपाच्या दोन खांबांवर दोन कर्णे चढले. मग वेशीवर एक, देवळापासून १२० मीटर. आणि दोन वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडच्या वाडीने हट्ट धरला, तिथं एक, २०० मीटरवर. सगळे १६ ओहमचेच, सगळे त्याच ८ च्या स्क्रूवर समांतर. तार बाजारात स्वस्त मिळणारी चौदा-छत्तीस, म्हणजे ३६ गेजच्या १४ बारीक तारांची. मशीन तापू लागलं तेव्हा शेजारी टेबल फॅन आला. फ्यूज वारंवार जाऊ लागला तेव्हा त्याच्या जागी तारेचा तुकडा आला. त्या तुकड्याबद्दल मला पोरग्याचा राग आला आणि तो मी लपवला नाही. फ्यूज जाणं हे मशीनचं बोलणं असतं. ते ऐकायचं सोडून त्याचं तोंडच बांधून टाकलं होतं.

शेवटचा घाव तिसऱ्या दिवशी दुपारी बसला. वाडीतून तक्रार आली, की इथं नुसती भुणभुण ऐकू येते, शब्द कळत नाहीत. कुणीतरी सल्ला दिला, लांबचा आवाज वाढवायचा तर १०० व्होल्टवर लाव. पोरग्याने तार ८ वरून काढून १०० वर लावली, आणि आवाज खरोखर वाढला. बटण होतं तिथंच असताना वाढला. हरिपाठ छान पार पडला. सगळ्यांना वाटलं, हेच बरोबर होतं, उगाच इतकी वर्षं ८ वर ठेवलं. रात्री कीर्तनात टाळकऱ्यांनी जोर धरला, बटण पुढे गेलं, आणि आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले.

त्या पहाटे फार विचार करायला वेळ नव्हता. माझं मशीन, गच्चीवरचे दोन कर्णे, ८ चा स्क्रू, बाकी चारही तारा सोडवून बाजूला. काकडा वेळेवर झाला. ज्ञानेश्वरी पारायणाला लोक बसले तेव्हा मी मोजायला बसलो.

पोरग्याने आधीच मल्टिमीटर लावून पाहिला होता आणि त्याला २.७ ओहम दिसले होते. हा आकडा खोटा नाही, पण कामाचाही नाही. मल्टिमीटर डीसी रोध मोजतो, म्हणजे फक्त कॉइलच्या तारेचा. १६ ओहमच्या युनिटचा डीसी रोध साधारण ११-१२ भरतो. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीला कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइल करते तो अडथळा) आणि पडद्याची हालचाल यांचाही विरोध त्यात मिळतो, त्या सगळ्याला इंपिडन्स म्हणतात, आणि तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होत राहतो. कर्ण्यावर छापलेला १६ हा एक ठरवून दिलेला आकडा असतो.

इंपिडन्स मीटर जवळ नसेल तर एक साधी रीत आहे. मोबाईलवर १००० हर्ट्झचा टोन लावायचा, मशीनमधून अगदी हळू आवाजात सोडायचा, आणि लाइनच्या, म्हणजे कर्ण्यांकडे जाणाऱ्या तारेच्या, सिरीजमध्ये १० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर घालायचा. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी रेझिस्टरवर, मग लाइनवर व्होल्टेज घ्यायचं. स्वस्त मीटर १००० हर्ट्झला थोडा चुकतो, पण दोन्ही वेळा सारखाच चुकतो, आणि आपल्याला त्या दोघांचं गुणोत्तरच हवं असतं. सहाही कर्णे जोडून पाहिलं: रेझिस्टरवर ३ व्होल्ट, लाइनवर १.०८. म्हणजे भार ३.६ ओहम.

सहा युनिट १६ ची, समांतर, म्हणजे कागदावर २.६७ यायला हवे होते. उरलेला जवळपास एक ओहम कुठून आला? तारेतून. आणि वाडीचं सगळं दुखणं तिथंच होतं.

आता त्या पट्टीवरच्या आकड्यांबद्दल बोलायला हवं, कारण गोंधळ तिथं आहे. ८ ओहमच्या स्क्रूमागे ८ ओहमचं काही बसलेलं नसतं. शाळेत शिकवलेलं असतं, की आतला रोध आणि बाहेरचा रोध सारखा झाला की सर्वांत जास्त शक्ती मिळते. तो नियम खरा आहे, पण त्या स्थितीत निम्मी शक्ती आतच जळते. ट्रान्झिस्टरचं मशीन तसं चालवतच नाहीत. त्याचा आतला इंपिडन्स कर्ण्याच्या मानाने बराच कमी ठेवलेला असतो. ते ठराविक व्होल्टेज देतं, आणि भार त्यातून आपल्याला हवा तेवढा करंट ओढतो. तेव्हा या मशीनवर ८ हा आकडा प्रत्यक्षात सांगतो, की पूर्ण जोरात इथं ३१.६ व्होल्ट येतील, आणि ८ पेक्षा कमी ओहमचा भार लावलात तर मला १२५ वॅटच्या वर जावं लागेल. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट, इतकंच गणित आहे. ४ च्या स्क्रूवर २२.४ व्होल्ट येतात, १६ वर ४४.७. आणि १०० व्होल्टच्या स्क्रूचा ओहम काढायचा तर १०० चा वर्ग भागिले १२५, म्हणजे ८०. पट्टीवर काही नावं ओहममध्ये आणि काही व्होल्टमध्ये लिहितात, म्हणून ते दोन वेगळे प्रकार वाटतात. सगळा एकच जिना आहे, फक्त पायऱ्यांना नावं दोन तऱ्हेची.

हे कळलं की झालेला प्रकार उलगडतो. ८ च्या स्क्रूवर ३.६ ओहम म्हणजे पूर्ण जोरात पावणेतीनशे वॅटची मागणी. जिथं ४ अँपिअर अपेक्षित, तिथं पावणेनऊ. मशीन तापणार, फ्यूज जाणार. तरी बिचारं दोन वर्षं चाललं, कारण बोलणं आणि गाणं सतत पूर्ण जोरात नसतं. १०० च्या स्क्रूवर मात्र जिथं ८० ओहम हवे तिथं ३.६, म्हणजे बावीस पट जड भार. बटण न हलवता आवाज वाढला तोही याच हिशेबाने: ३१.६ च्या जागी १०० व्होल्टची पायरी, म्हणजे आवाजाच्या मापात बरोबर १० डेसिबलची उडी. कमी आवाजात ते फुकटात मिळाल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

तारेचा हिशेब वेगळा. चौदा-छत्तीसमध्ये तांबं जेमतेम ०.४ चौरस मिलिमीटर असतं, मीटरमागे साधारण ०.०४२ ओहम. वाडी २०० मीटर, जाऊन-येऊन ४०० मीटर तार, म्हणजे जवळपास १७ ओहम. कर्णा १६ चा आणि तार १७ ची. मशीनने अगदी मनापासून ३१.६ व्होल्ट दिले असते तरी कर्ण्यापाशी निम्मेच पोचत होते, आणि निम्म्या व्होल्टेजला शक्ती पाव होते. साडेबासष्टच्या जागी पंधरा वॅट वाडीत, आणि तेवढेच वाटेत बाभळीच्या झाडांना ऊब द्यायला.

पोरग्याने मधला मार्ग सुचवला: "मग ४ च्या स्क्रूवर लावू ना दादा, ३.६ म्हणजे जवळपास ४ च." चुकीचं नव्हतं. मशीन वाचलं असतं, आणि तेवढ्यावर भागत असेल तिथं मीही तेच करतो. पण ४ वर व्होल्टेज २२.४. वाडीला सात वॅट उरले असते. ज्या तक्रारीपायी मशीन जळलं ती तक्रार दुप्पट झाली असती.

देवळाचे जुने जाणते तात्या सगळं ऐकत बसले होते. त्यांनी एक शंका काढली: "आम्हाला शिकवलेलं, की कर्णा जोडल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि तुम्ही सांगताय की जास्त कर्णे जोडले म्हणून जळालं." दोन्ही खरं आहे. तात्यांचं शिक्षण व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, मशीनवर झालेलं. व्हॉल्व्हच्या मशीनला भार नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरचं मशीन बिनभाराचं निवांत बसतं, त्याला शॉर्ट आणि जास्तीचा करंट मारतो. मशिनं बदलली, सूचना मात्र तीच पुढं चालत आली.

१०० व्होल्टचा स्क्रू कशासाठी असतो, हे तात्यांना सांगायला मला डीपी, म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, मदतीला आली. डीपी जळणं म्हणजे काय ते या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात मोटारींवर मोटारी जोडल्या जातात, वर वीजचोरीचे आकडे पडतात, आणि एक दिवस डीपी जाते. मशीनचं तसंच झालं होतं. पण डीपीपर्यंत वीज कशी येते? अकरा हजाराच्या लाइनीने. लांब न्यायची तर व्होल्टेज चढवून, करंट कमी करून न्यायची, म्हणजे तारेत गळती कमी. मग जिथं वापरायची तिथं डीपी बसवून उतरवायची. १०० व्होल्ट लाइन म्हणजे आवाजाची अकरा हजाराची लाइन, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी त्याची स्वतःची छोटी डीपी हवी. गावाने अकरा हजाराची लाइन थेट मोटारीला जोडली होती.

तात्या थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे डीपीसारखा लोड वॅटमध्ये मोजायचा. ओहमचं काम संपलं." बरोबर तेच. १०० व्होल्ट पद्धतीत मला सर्वांत आवडतं ते हेच. लाइन ट्रान्सफॉर्मरवर वॅटचे टप्पे असतात, माझ्या दुकानातल्या ट्रान्सफॉर्मरवर १०, १५, २०, ३० आणि ४० होते. प्रत्येक ठिकाणी हवा तो टप्पा निवडायचा, बेरीज करायची, बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवायची. युनिट १६ ओहमचं आहे, तर ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू १६ वर लावायची. ओहम बघायचे ते एवढ्यापुरतेच.

वाटणी करताना थोडी ओढाताण झाली. मी बेरीज १०० वॅटवर थांबवणार होतो, पाचवा हिस्सा मोकळा ठेवून. गच्चीवर २० आणि २०, मंडपात १० आणि १०, वेशीला २०, वाडीला २०. गच्चीचा आकडा ऐकून बरेच जण नाराज झाले. ६० चं युनिट असताना २०? देवळाचा आवाज दबणार. कान वॅट मोजत नाही, हे लोकांना पटवणं कठीण जातं. वॅट निम्मे केले तर ३ डेसिबल कमी होतात, आणि एवढा फरक शेजारी-शेजारी लावून दाखवला तरच जाणवतो. आवाज दुप्पट वाटायचा तर दसपट वॅट लागतात. आणि सहा कर्णे झाल्यापासून गच्चीवरच्यांना ६० मिळतच नव्हते, कारण मशीनकडेच तेवढे नव्हते. मिळत होता तो फाटलेला आवाज, आणि फाटलेला आवाज मोठा वाटतो खरा.

दुपारी ट्रान्सफॉर्मर चढले. मशीन चालू करण्याआधी पुन्हा मोजलं, या वेळी १०० ओहमचा रेझिस्टर घालून. १०० वॅटला १०० ओहमच्या आसपास यायला हवं होतं. आले ८५. कुठं तरी २० वॅट जास्त होते. एकेक तार सोडून पाहिली तेव्हा वाडीची लाइन जड निघाली. पोरग्याला विचारलं तर त्याने मान खाली घातली. वाडीतल्या आज्जींनी वर चढलेल्या त्याला खालून सांगितलं होतं, "बाळा, आमच्याकडं जरा मोठा कर." त्याने २० ऐवजी ४० च्या टप्प्यावर तार बांधली होती.

मला त्याचं म्हणणं निम्मं पटलं. वाडीत एकच कर्णा आणि घरं विखुरलेली. ४० नाही, पण ३० द्यायला हरकत नव्हती, आणि ते १० गच्चीवरून काढणं योग्य होतं. त्यात आणखी एक कारण होतं, जे मला तोवर सुचलं नव्हतं. वाडीतल्या कर्ण्यातून शब्द तारेने तत्काळ निघतो. गच्चीवरच्या कर्ण्याचा तोच शब्द हवेतून जातो, सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे २०० मीटरला जवळपास ०.६ सेकंद. वाडीतल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता, दुसऱ्यांदा अर्ध्या सेकंदानंतर, आणि जवळचा कर्णा अशक्त असल्याने दोघांचा जोर सारखाच. भुणभुण म्हणतात ती हीच. तिथला कर्णा वाढवला आणि गच्ची उतरवली, तर शब्द सुटे होणार होते.

शेवटची वाटणी: गच्ची १५ आणि १५, मंडप १० आणि १०, वेस २०, वाडी ३०. मोजलेला भार १०४ ओहम. तार तीच, चौदा-छत्तीस, एक मीटरही बदलली नाही. वाडीच्या ३० वॅटच्या टप्प्याला लाइनच्या बाजूने ३३३ ओहम दिसतात, त्यापुढे तारेचे १७ काहीच नाहीत. ३० पैकी २७ वॅट कर्ण्यापाशी पोचतात आणि तारेत दीड वॅटही जात नाही. आधी तिथं पंधरा पोचायचे आणि पंधरा वाटेत जायचे.

दोन काळज्या या पद्धतीत घ्याव्या लागतात आणि त्या मी पोरग्याकडून तिथंच करवून घेतल्या. पहिली म्हणजे खर्जाची. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याला, खालच्या फ्रिक्वेन्सी झेपत नाहीत. मृदंगाचा धूम जोरात आला की कोअर भरून जाते, त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरचा इंपिडन्स कोसळतो, आणि मशीनला तो शॉर्टसारखा दिसतो. शिवाय कर्ण्यातून तेवढा खर्ज बाहेर येतच नाही, नुसता पडदा हलून फाटतो. बासचं बटण बरंच खाली आणलं. पखवाजी थोडे हिरमुसले. मंडपात खर्जासाठी वेगळा बॉक्स लावता येईल, पण तो वेगळ्या मशीनवर. दुसरी काळजी विजेची. या तारेत आता पूर्ण जोरात १०० व्होल्ट असतात आणि ते झटका देतात. मशीन चालू असताना जोड उघडायचा नाही, प्रत्येक जोड डबीत, आणि ही तार विजेच्या खांबावरून न्यायची नाही. दोन ठिकाणी ती तशी नेलेली होती, ती उतरवली.

संध्याकाळी हरिपाठाला वाडीतून फोन आला, की शब्द न् शब्द कळतोय. गच्चीखालच्या घरातल्या एका बाईंनी पोरग्याला वेगळंच सांगितलं, की तान्हं बाळ आज कीर्तनात झोपलं. रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवायचा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे, आणि वर्षातल्या ठराविक दिवसांची सवलत मिळाली तरच बारापर्यंत चालतं. आता सवलतीच्या दिवशी दहाला गच्ची, वेस आणि वाडी या तिन्ही लाइनी एका स्विचने तोडून फक्त मंडपाचे २० वॅट चालू ठेवता येतात. भार कमी झाला तरी या पद्धतीत मशीनचं काही बिघडत नाही. काल्याच्या कीर्तनापर्यंत टेबल फॅन मशीनजवळून उचलून बुवांच्या बाजूला गेला होता.

जळालेलं मशीन दुकानात आणून नवे ट्रान्झिस्टर टाकले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत निघाला, फ्यूजच्या जागी योग्य अँपिअरचा फ्यूज आला. मागच्या पट्टीवर कॉम आणि १०० सोडून बाकी स्क्रूंवर टेप लावली, आणि झाकणावर कागद चिकटवला: कुठं किती वॅट, एकूण १००, नवा कर्णा जोडण्याआधी बेरीज करा. पहिल्या पावसानंतर पुन्हा जाऊन लाइन मोजायचं ठरलं आहे. वेशीच्या तारेला तीन जोड आहेत. दोन डबीत घातले, तिसरा बाभळीच्या काट्यांत अडकला आहे आणि तिथवर अजून शिडी पोचलेली नाही.